किट, वडी की ओला पाला? घरी निळीत कापड रंगवायच्या सामानाची पारख

गावच्या किराणा दुकानात ‘नीळ द्या’ म्हटलं की पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ हातात पडते. दुकानदाराची चूक नाही, मराठी घरात नीळ म्हणजे तीच. पण ती पूड असते अल्ट्रामरीन, म्हणजे खनिजासारखा रंग. झाडाशी तिचा काही संबंध नाही. खात्री करायची तर चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. अल्ट्रामरीन फिकी पडत जाते आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो. झाडाच्या निळीला लिंबाने काही होत नाही. बाटलीतली पातळ नीळ हा आणखी तिसराच रंग, तोही आपल्या कामाचा नाही.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. ऑनलाइन ‘इंडिगो पावडर’ शोधलं की सगळ्यांत स्वस्त दिसते ती केसांची. ती हिरवट असते, मेंदीच्या पुडीसारखी, कारण ती गुळीचा, म्हणजे नीळ देणाऱ्या झाडाचा, वाळवून दळलेला पाला असते. पाल्यातून काढलेला रंग नव्हे. पाकिटावर झाडाचं शास्त्रीय नाव बरोबरच छापलेलं असतं, त्यामुळे माणूस फसतो. ही पूड हंडीत, म्हणजे रंगवायच्या भांड्यात, घातली की हिरवा चिखल होतो आणि कापडावर डाग राहतात. कापडासाठीची पूड गडद निळी, जवळजवळ काळपट असते. नखाने घासली की तांब्यासारखी चमक येते.

हे दोन खड्डे चुकवले की घेण्यासारखं उरतं तीन प्रकारचं सामान: तयार किट, सुटी वडी किंवा पूड, आणि वावरातला ओला पाला.

आधी किट. बऱ्याच किटमध्ये साधारण हेच निघतं: नीळ पूड ५० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम, फळसाखर म्हणजे फ्रुक्टोज १५० ग्रॅम, हातमोजे, रबरबँड, दोन काड्या आणि एक घडीपत्रक. हे १:२:३ चं प्रमाण फ्रान्सचे झाडरंगांचे जाणकार मिशेल गार्सिया यांच्या पद्धतीतून जगभर पसरलं, आणि ते चोख आहे. निळीचा रंग पाण्यात विरघळत नाही. त्यातला प्राणवायू साखर काढून घेते, चुना पाणी क्षारयुक्त ठेवतो, मग रंग विरघळतो आणि धाग्यात शिरतो. कापड बाहेर काढलं की हवा लागून तो पुन्हा न विरघळणारा होतो आणि धाग्यातच अडकून बसतो. रंग पक्का करायला तुरटी लागत नाही, हिरडा लागत नाही. बाकीच्या झाडरंगांपेक्षा नीळ सोपी आहे ती इथे.

म्हणजे किट वाईट नाही, पण निम्मे पैसे खोक्याचे असतात. त्यातली एकच वस्तू आपल्याकडे मिळत नाही, ती म्हणजे नीळ. आणि नेमकं तिच्याबद्दलच खोक्यावर काही लिहिलेलं नसतं. विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: इंडिगोटिन, म्हणजे प्रत्यक्ष निळा रंग, किती टक्के? नैसर्गिक नीळ २० पासून ५० टक्क्यांपर्यंत कशीही असते, बाकीचं माती, चुना आणि पाल्याचा गाळ. २५ टक्क्यांची १०० ग्रॅम म्हणजे ५० टक्क्यांची ५० ग्रॅम, भाव त्या हिशेबाने लावायचा. उत्तर देता न येणाऱ्याकडून घेऊ नये. ९० टक्क्यांच्या वर आकडा सांगितला तर ती कारखान्यातली नीळ समजा. रेणू तोच, १८९७ पासून बाजारात आहे, रंगही उत्तम देते, फक्त तिला नैसर्गिक म्हणून जास्त भाव मोजायचं कारण नाही. काही किटमध्ये ‘प्री-रिड्यूस्ड’ दाणे येतात. पाण्यात टाकले की झालं, चुना-साखरेची कटकट नाही. तीही बहुतेक वेळा कारखान्यातलीच नीळ असते. एका दिवसाच्या शाळेतल्या कार्यशाळेला ठीक.

घडीपत्रकाबद्दल तक्रार मात्र करायलाच हवी. ‘कोमट पाण्यात मिसळा, अर्ध्या तासाने वापरा’ एवढ्यावर बोळवण असते. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे अंगणात ठेवलेली बादली आपोआप ४० अंशांवर जाते, तिथे हे चालून जातं. डिसेंबरात पहाटे पारा १० च्या आसपास असताना तीच हंडी दुपारपर्यंत पिवळी न होता निळीची निळीच राहते आणि लोक ‘माल खराब निघाला’ म्हणून फेकून देतात. माल बरा असतो, पाणी थंड असतं.

सुटी पूड किंवा वडी घेणं हा आमच्या मते सरळ रस्ता. देशात हा माल जास्त करून तमिळनाडूतल्या तिंडिवनम-विल्लुपुरम भागातून येतो. वडी घेतली तर भेसळ कळायला सोपी: चांगली वडी हलकी असते, तोडलेला तुकडा पाण्यावर आधी तरंगतो. दगडासारखी थेट तळाला गेली तर त्यात माती जास्त. पूड घेतली तर दळायचा त्रास वाचतो, पण पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. पहिल्यांदा घेताना ५० ग्रॅमच घ्यावी.

बाकी सामान गावातच मिळतं, पण त्यातही पारख आहे.

चुना. पानठेल्यावरचा डबीतला ओला चुना चालतो, मात्र त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असतं, म्हणून १०० ग्रॅमच्या जागी २०० घ्यावा लागतो. रंगरंगोटीसाठी आणलेला कळीचा चुना स्वस्त आणि जोरदार. तो आदल्या दिवशी विरवून ठेवायचा: लोखंडी घमेल्यात पाणी आधी, चुन्याचे खडे मागून, एकेक. उलट केलं तर उकळून अंगावर उडतो. प्लॅस्टिकच्या बादलीत विरवू नये, ती वितळते. आणि दिवाळीपासून पोत्यात उघडा पडलेला चुना मोफत मिळाला तरी घेऊ नका. हवेने त्याचा खडू झालेला असतो, खडूत क्षार कुठला.

साखर. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात. घरातली पांढरी साखर चालत नाही, किलोभर ओतली तरी नाही, कारण ती निळीतला प्राणवायू काढूच शकत नाही. ते काम ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतात. औषधाच्या दुकानातला साधा, बिनस्वादाचा ग्लुकोजचा डबा चालतो. फ्रुक्टोजपेक्षा सावकाश काम करतो, ऊब थोडी जास्त लागते, पण तालुक्याला हमखास मिळतो. (‘फ्रूट सॉल्ट’ ही फळसाखर नव्हे. ती पित्तावर घ्यायची असते.) गूळ लोक हटकून वापरतात. त्यात बहुतेक भाग साध्या साखरेचाच, कामाची साखर थोडी. म्हणून गुळाची हंडी साखरेपेक्षा आंबण्यावर जास्त चालते: तयार व्हायला दोन-चार दिवस घेते, मध्येच आंबट होते, पुन्हा चुना मागते. घाई नसेल तर ठीक. घ्यायचाच तर जुना, काळपट, पाझरणारा गूळ घ्यावा. गोरी-पिवळी भेली खायला ठेवा.

विदर्भातल्या माणसाने फ्रुक्टोजचं पाकीट मागवण्याआधी मोहफुलांकडे बघावं. सुक्या मोहफुलांत ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर असतं, आणि गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूरकडे मार्च-एप्रिलमध्ये ती घरोघरी वाळत पडलेली असतात. ५० ग्रॅम निळीला ३०० ग्रॅम सुकी फुलं, तीन लिटर पाण्यात अर्धा-पाऊण तास उकळून, जाड फडक्यातून पिळून घ्यायची. फुलं न आंबलेली हवीत. आंबूस वास येत असेल तर साखर आधीच गेलेली. चोथा हंडीत जाऊ देऊ नये. काळी पडलेली केळी हा दुसरा चांगला पर्याय: किलो-सव्वा किलो कुस्करून, उकळून, गाळून. संत्री मात्र नकोत. नागपूरचं नाव आहे म्हणून मोह होतो, पण तिचा आंबटपणा चुना खाऊन टाकतो. एकीकडे चुना घालत राहा, दुसरीकडे संत्री तो संपवत राहते.

आता हंडी. दहा लिटरची स्टीलची उंच गंज, म्हणजे खोल पातेलं, किंवा झाकणाची बादली. पसरट घमेलं नको, वरचा पृष्ठभाग जितका मोठा तितकी हवा जास्त शिरते.

५० ग्रॅम पूड कोरडी टाकायची नाही, ती वर तरंगून गोळे धरते. झाकणाच्या बाटलीत दहा-बारा काचेच्या गोट्या, पूड आणि कपभर गरम पाणी घालून पाच-दहा मिनिटं हलवा. दोन बोटांत चोळून खर लागली नाही म्हणजे झालं. गंजीत आठ लिटर पाणी ५० अंशांपर्यंत तापवा. हात बुडवता येतो पण ठेववत नाही, तेवढं. त्यात फळसाखर १५० ग्रॅम (किंवा मोहफुलांचा काढा, मग पाणी पाच लिटरच घ्या), मग नीळ, आणि शेवटी पाण्यात कालवलेला चुना, थोडा थोडा. काठी गोल फिरवायची, एकाच दिशेने, वरून घुसळायचं नाही. ताक करायचं नाहीये. झाकण लावून गोधडीत गुंडाळा. तासाभरात तीन वेळा हळूच ढवळा, मग थांबा.

तयार हंडी डोळ्यांना सांगते. वर तांबूस-जांभळी साय धरते, मधोमध निळ्या फेसाचं फूल बसतं. साय बोटाने बाजूला केली की खालचं पाणी मधासारखं पिवळं किंवा हिरवट-पिवळं आणि पारदर्शक दिसतं. काचेच्या ग्लासात घेतलेला घोट आधी पिवळा असतो आणि बघता बघता काठाकडून निळा होत जातो. पाणी खालीही निळंच असेल तर प्राणवायू अजून निघालेला नाही: पाणी तापवा, दोन चमचे साखर घाला, तासभर थांबा. पाणी दुधाळ दिसत असेल तर गाळ बसलेला नाही, त्याला हात लावू नका. क्षार मोजायची पीएच पट्टी असेल तर ११ च्या आसपास हवी. हळदीच्या फडक्याची पट्टी लाल झाली म्हणजे क्षार आहे एवढंच कळतं, पुरेसा आहे का ते नाही.

फ्रुक्टोजची हंडी तासा-दोन तासांत तयार होते. मोहफुलांची किंवा केळ्यांची बहुधा दुसऱ्या दिवशी. पत्रकातल्या अर्ध्या तासावर विश्वास ठेवू नका.

कापडाकडे लोक दुर्लक्ष करतात आणि दोष निळीला देतात. नव्या मांजरपाटात खळ असते, कच्च्या सुतात तेलकटपणा. रात्रभर भिजवून खळ काढायची. मग किलोभर कापडाला २० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून तासभर उकळायचं. पाणी चहासारखं निघतं, ते बघितलं की का उकळलं ते समजतं. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा चिकट थर कापडावर बसतो आणि तिथे नेमके पांढरे ठिपके राहतात, म्हणून साबणाऐवजी सोडा किंवा रिठा.

ओलं, घट्ट पिळलेलं कापड हंडीत हळूच सोडा, पाण्याखालीच उलगडा, तळाच्या गाळाला लागू देऊ नका. तळाशी बांबूची उलटी टोपली ठेवली की प्रश्न मिटतो. पहिली बुडी तीन-चार मिनिटांची. बाहेर काढताना पाण्याच्या पृष्ठभागाजवळच पिळा, वरून थेंब पडले की हंडीत हवा जाते. बाहेर आलेलं कापड पोपटी हिरवं असतं, घड्यांवरून आणि कडांवरून निळं व्हायला लागतं. दहा-पंधरा मिनिटं सावलीत पसरून पूर्ण निळं होऊ द्या, मगच पुढची बुडी. फिक्या आकाशी रंगाला दोन बुड्या, मध्यम निळीला पाच-सहा, गडदला आठ-दहा. एकच लांब बुडी मारून गडद करायला गेलात तर रंग धाग्यावर थरासारखा बसतो आणि अंगाला लागतो. कापडाचा निळा हातावर उतरतो या तक्रारीचं सगळ्यांत मोठं कारण हे, आणि दुसरं म्हणजे अर्धवट तयार हंडी. ५० ग्रॅमच्या या हंडीत किलोभर सुती कापड मध्यम निळं होतं. त्याहून जास्त घालाल तर शेवटचे कपडे राखी निघतील.

शेवटी कापड एक दिवस तसंच वाळू द्या. मग पाच लिटर पाण्यात ५० मिलि व्हिनेगर घालून दहा मिनिटं बुडवा, चुन्याचा पांढुरका थर निघतो आणि रंग उजळतो. त्यानंतर सौम्य साबणाच्या गरम पाण्यात धुवा, सुटा रंग तिथेच जाऊ द्या.

कोसा, म्हणजे टसर रेशीम, असेल तर वेगळा विचार करावा. भंडाऱ्याकडच्या करवती किनारीच्या साडीला किंवा आरमोरी-नागभीडकडच्या कोशाला इतका क्षार झेपत नाही, धागा खरखरीत होतो. हंडी निवळू द्यायची, फक्त वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या भांड्यात घ्यायचं, पीएच १० च्या खाली आणायचा, बुडी मिनिट-दोन मिनिटांची आणि लगेच व्हिनेगरचं पाणी. कोशाचा मूळ रंग मधासारखा असल्याने निळा किंचित हिरवट उतरतो. तो दोष नाही, सुती कापडावर तशी छटा सहज मिळत नाही.

कोशासाठीच ओल्या पाल्याची बिनहंडीची पद्धत आहे आणि ती खरोखर सोपी आहे. ताजा पाला बर्फाच्या पाण्यात मिक्सरला लावायचा, पटकन गाळायचा, ओला कोसा त्यात दहा-पंधरा मिनिटं दाबून ठेवायचा, मग हवा. पाल्यातला रंगाचा कच्चा माल फुटून निळा व्हायच्या आत धाग्यात शिरला पाहिजे, थंड पाणी त्याला थोडा वेळ थोपवून धरतं. पाला तोडून तासाभरात वापरा, दुपारपर्यंत ठेवलेला गेला कामातून. जपानी नीळझाडाचा पाला मिठासोबत नुसता कापडावर चोळून रंगवतात, त्याचे व्हिडिओ भरपूर दिसतात. पण त्याची पानं रसाळ, आपल्या गुळीची बारीक आणि कोरडी. चोळून हात दुखतात, रंग फिकाच. आणि सुती कापडावर यातलं काहीही करू नका, पहिल्या धुण्याला ओळख पुसली जाते.

पाला आणायचा कुठून? धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, दिसली म्हणून ‘उन्हाळी’ नावाची वनस्पती तोडून आणणारे बरेच. तिला शरपुंखा म्हणतात, ‘जंगली नीळ’ही म्हणतात, पण रंग देत नाही. पान टोकाला धरून ओढा: उन्हाळीचं पान बाणाच्या पिसासारखं तिरकं, व्हीच्या आकारात तुटतं. गुळीचं तसं तुटत नाही. शेंगाही बघा, उन्हाळीची चपटी, गुळीची बारीक गोल आणि घोसात. बी लावणार असाल तर ते टणक असतं, गरम पाण्यात रात्रभर भिजवून मृगाच्या पावसावर सरीच्या माथ्यावर टाका. काळ्या मातीत पाणी साचलं की रोप पिवळं पडतं. तीनेक महिन्यांनी, फुलोऱ्याच्या आधी कापणी.

त्या पाल्याची वडी करत बसण्यापेक्षा ओला लगदा करून थेट हंडीत घालणं सोयीचं. ५ किलो पाला ५० लिटर पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. सप्टेंबरात १६ ते २४ तास पुरतात. पाणी हिरवट-पिवळं होतं, कडेला निळसर चमक येते. पाला बुळबुळीत होऊन शेणासारखा वास सुटला म्हणजे उशीर झाला. पाला काढा, पाण्यात विरवून गाळलेला १०० ग्रॅम चुना घाला आणि बादलीने उंचावरून वीस-तीस मिनिटं ओतत राहा. इथे मात्र हवा हवीच. फेस हिरव्याचा निळा होतो, मग पांढुरका होऊन बसतो, तेव्हा थांबा. रात्रभर निवळू द्या, वरचं चहाच्या रंगाचं पाणी काढा, तळाचा लगदा मांजरपाटात टांगा. ५ किलोतून सुकी नीळ २० ग्रॅमच्या आसपास निघाली तरी हात चांगला बसला म्हणायचं. मेहनतीच्या हिशेबाने विकतची वडी स्वस्त पडते, हे वावरात गुळी लावण्याआधी ऐकून ठेवा.

कोणता निळा हवा हेच ठरत नसेल, तर काही विकत घेण्याआधी वर्ध्याच्या मगन संग्रहालयात झाडरंगातली खादी हातात घेऊन बघावी. १९३८ पासूनची जागा आहे. फोनच्या पडद्यावर सगळ्याच निळ्या सारख्या दिसतात.

हिरवा हवा असेल तर आधी निळीत बुडवून, धुऊन, मग तुरटी आणि पळसफुलं. उलटं केलं तर चुन्याच्या क्षारात पिवळा बिघडतो.

हंडी एका दिवसाची नाही. रंगवून झाल्यावर ढवळून, दोन चमचे साखर आणि चमचाभर चुना घालून झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तापवली की पुन्हा पिवळी होते. साखर-चुना घालूनही रंग फिकाच उतरायला लागला म्हणजे नीळ संपली. मग काठीने भरपूर घुसळून उघडी ठेवा, गाळ बसू द्या. वरचं पाणी व्हिनेगर घालून मोरीत सोडा. गाळ चुन्याचा असतो, तो संत्र्याच्या बुडाशी टाकू नका. आपली काळी माती आधीच चुनखडीची, तिथे झाड लोहाअभावी पिवळं पडायला वेळ लागत नाही. शेणखड्ड्यात, पातळ पसरून, चालतो.